सुरतेची छिटं, जपानी नक्षी

१६६२ साली सुरतेच्या डच वखारीचा प्रमुख डिर्क व्हान आड्रिखेम नजराणे घेऊन औरंगजेबाच्या दरबारात हजर झाला. त्याला व्यापाराच्या सवलतींचं फर्मान हवं होतं. फ्रांस्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य त्या सुमारास दिल्लीत होता आणि या नजराण्यांची नोंद त्याने करून ठेवली आहे: लाल आणि हिरवी उंची बनात, मोठाले आरसे, आणि चीन-जपानच्या कारागिरीच्या कितीतरी वस्तू. त्यात एक पालखी होती आणि एक तख्त-ए-रवान, म्हणजे खांद्यावरून वाहून न्यायचं सिंहासन. या दोन वस्तूंचं दरबारात फार कौतुक झालं, असं बर्निए लिहितो. आड्रिखेमला फर्मान मिळालं.

अशा जपानी वस्तूंवरचं लाखकाम ही तेव्हा जगातली अपूर्व गोष्ट होती. आपल्याकडची लाख किड्यापासून मिळते. जपानी कारागीर उरुशी नावाच्या झाडाचा चीक वापरत. या चिकाचे पातळ थर लाकडावर एकावर एक चढवायचे, प्रत्येक थर दमट खोलीत वाळू द्यायचा, आणि शेवटचा थर ओला असतानाच त्यावर सोन्याची पूड शिंपडून चित्र काढायचं. चित्रंही ठरलेली असत. क्रौंच पक्षी आणि कासव, पाइन, बांबू आणि प्लमचा मोहोर. क्रौंच हजार वर्षं जगतो आणि कासव दहा हजार, अशी तिथली समजूत आहे. पाइन बर्फातही हिरवा राहतो, बांबू वाकतो पण मोडत नाही, आणि प्लम थंडी सरायच्या आधीच फुलतो. ही त्रयी लग्नात, नववर्षाला, मंगलकार्यात सर्वत्र असते. बर्निए सौंदर्याबद्दल लिहितो, अर्थाबद्दल काही लिहीत नाही. मला वाटतं, दिल्लीत ते अर्थ पोचलेच नसावेत. डचांना वस्तू विकायच्या आणि भेट द्यायच्या होत्या. कासवाचं वय सांगत बसायला त्यांना सवड नव्हती.

उलट दिशेनेही नेमकं हेच घडत होतं. सुरतेहून निघालेलं कापड जपानात पोचत होतं, आणि त्यावरच्या वेलींना, फुलांना तिथे वेगळेच अर्थ मिळत होते. या लेखाचा विषय मुख्यतः हाच दुसरा प्रवास आहे.

मराठी वाचकाला सतराव्या शतकातली सुरत ठाऊक आहे ती शिवाजी महाराजांच्या स्वारीमुळे. ६ जानेवारी १६६४ रोजी महाराजांनी बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ दिला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग यांच्यासारख्या धनिकांच्या हवेल्या लुटल्या गेल्या. डच आणि इंग्रज आपापल्या वखारींत शस्त्रं घेऊन उभे राहिले आणि त्या वखारी वाचल्या. डच वखारीचा प्रमुख तेव्हाही आड्रिखेमच होता. मराठे घोड्यावर नेता येईल असं सोनं, रुपं, मोती घेऊन गेले. शहराची ही श्रीमंती मात्र मुळात कापडातून आलेली होती, आणि ज्या दरवाजाबाहेर महाराजांचा तळ पडला त्या दरवाजाच्या नावातच या कापडाचा रस्ता आहे. बऱ्हाणपूरहून निघालेला माल खानदेशातून, नंदुरबार-नवापूरवरून तापीच्या खोऱ्याने सुरतेला उतरे. त्यात बऱ्हाणपूरची छिटं असत, धरणगावचं सुती कापड असे. भडोच, बडोदे आणि अहमदाबादचा माल उत्तरेकडून येई. सुरतेच्या वखारींत या सगळ्याचे गठ्ठे बांधले जात.

हे कापड जपानपर्यंत का गेलं, याचं उत्तर तांब्यात आहे. हिंदुस्थानात तांब्याला कायम मागणी होती. टांकसाळींना नाण्यांसाठी आणि तांबटांना भांड्यांसाठी ते लागे. जपानात तांबं मुबलक निघे. डच ईस्ट इंडिया कंपनी नागासाकीहून तांब्याच्या कांड्या भरून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला आणि तिथून सुरतेला, कोरोमंडलला, बंगालला पाठवी. त्या बदल्यात जपानला रेशीम, साखर, हरणाची कातडी आणि हिंदी कापड जाई. १६३९ साली जपानने पोर्तुगिजांना हाकलून दिलं आणि १६४१ मध्ये डचांना नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या छोट्या कृत्रिम बेटावर नेऊन बसवलं. त्यापुढे दोनशेहून अधिक वर्षं युरोपीय जहाजासाठी जपानात शिरायची तेवढी एकच वाट उरली. चिनी गलबतंही नागासाकीला येत आणि त्यांतूनही हिंदी कापड उतरे.

देजिमाच्या आधीचे दोन धागे मराठी मुलखातून जातात, म्हणून ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पहिला धागा चौलचा. अलिबागजवळच्या चौल-रेवदंड्यावर तेव्हा पोर्तुगीज ठाणं होतं आणि तिथे उत्तम रेशमी कापड विणलं जाई. १५७१ साली मुर्तजा निजामशहाचा वेढा उठून चौल पोर्तुगिजांकडेच राहिलं. त्याच वर्षी नागासाकी बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी खुलं झालं. गोव्याहून मकावमार्गे जाणाऱ्या जहाजांतून चौलचं पातळ, रेघारेघांचं रेशीम जपानला पोचलं. जपानी लोकांनी त्याला गावाच्याच नावाने ओळखलं: चाउ-जिमा, चौलचं रेघांचं कापड. सामुराई कमरेखाली जो घेरदार हाकामा घालत, त्याच्यासाठी ते विशेष पसंतीचं झालं. १६८०च्या दशकात क्योतोच्या विणकरांनी ते आपल्या मागावर विणायला घेतलं, आणि नाव मात्र चौलचंच ठेवलं. आज चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत फिरताना तिथे एकेकाळी रेशमाचे माग खडखडत होते, हे कुणाच्या मनातही येत नाही. जपानी वस्त्रकोशात चौल अजून आहे.

दुसरा धागा बऱ्हाणपूरचा. १६१३ साली जॉन सारिसचं ‘क्लोव्ह’ हे जहाज जपानच्या हिरादो बेटावर पोचलं आणि तिथे इंग्रजांनी वखार घातली. त्याच वर्षी त्यांचा सुरतेतही कायमचा जम बसला. हिरादोचा वखारप्रमुख रिचर्ड कॉक्स रोजनिशी लिहीत असे. जपानी अधिकाऱ्यांना दिलेल्या भेटी आणि विकलेला माल यांच्या त्याच्या नोंदींत बऱ्हाणपुरी छीट येतं, गुजरातचं निळं बैरामी कापड येतं. ही वखार तोट्यात गेली आणि १६२३ मध्ये बंद पडली. पण सातपुड्याच्या पायथ्याशी छापलेलं कापड त्या दहा वर्षांत जपानी माणसाच्या हातात पडलं होतं, याची लेखी नोंद तिच्यामुळे राहिली.

आता त्या कापडाचं जपानी माणसाला एवढं नवल का वाटावं? रंगामुळे. जपानात रेशीम आणि ताग पूर्वापार होता, कापूस मात्र उशिरा रुजला. ७९९ साली मिकावा प्रांताच्या किनाऱ्यावर एक तरुण होडीतून वाहत आला. तो स्वतःला हिंदुस्थानचा म्हणवत असे आणि त्याच्याजवळ कापसाचं बी होतं, असं जपानी राजइतिहासात नमूद आहे. ते बी निरनिराळ्या प्रांतांत पेरलं गेलं, पण टिकलं नाही. निशिओ गावात त्या तरुणाचं देऊळ आहे. कापसाची शेती जपानात खऱ्या अर्थाने पसरली ती पंधराव्या-सोळाव्या शतकात. सुती कापडावर पक्का लाल रंग चढवण्याची विद्या तर आपल्याच रंगाऱ्यांकडे होती. आधी कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. जिथे लाल हवं तिथे तुरटीचा, जिथे काळं हवं तिथे लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या कसाचा ठसा मारायचा. या टप्प्यावर लाल कुठेच दिसत नाही. मग कापड आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या काढ्यात उकळायचं. तुरटी लागलेल्या जागी रंग धाग्यात कायमचा बसतो, उरलेला धुऊन जातो. गुजरातचे छिपे आणि आपल्याकडचे भावसार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले. धुतलं की आणखी खुलणारा लाल जपानी कारागिरांनी पाहिलेला नव्हता. दक्षिणेकडे कोरोमंडलावर कलमाने हाताने रंगवलेली छिटं याहून नाजूक असत, आणि जपानी रसिकांच्या संग्रहातली सर्वांत देखणी छिटं तिकडचीच आहेत, हेही सांगितलं पाहिजे. गुजरातचा माल ठशांचा, जरा रांगडा. पण जपानी डोळ्याला तो रांगडेपणाही भावला.

या छिटांना जपानात ‘सारासा’ म्हणत. त्यांचं पुढे जे झालं ते आपल्याकडे कधीच झालं नसतं. आपल्याकडे छीट म्हणजे परकर, पासोडी, गोधडीचं अस्तर. फाटलं की पोतेरं. जपानात हे कापड चहाविधीत शिरलं. चहाविधीत चहापुडीची छोटी बरणी हा मानाचा दागिना असतो. तिच्यासाठी शिवलेली थैलीही तितक्याच आदराने पाहुण्यासमोर ठेवली जाते आणि पाहुणा तिच्या कापडाची विचारपूस करतो. सुरतेच्या वखारीत ज्या थानाचे ढिगाने गठ्ठे बांधले गेले, त्याच्या वीतभर तुकड्याला इथे स्वतःचं नाव मिळालं. कुठल्या नक्षीचा तुकडा, जुन्या जहाजातून आलेला की नव्या, याचे जाणकार तयार झाले. सामान्य नगरवासीयांना भपकेबाज कपडे घालायला शोगुनशाहीची मनाई होती, तेव्हा श्रीमंत व्यापारी किमोनोच्या आत छिटाची बंडी घालत, तंबाखूची थैली छिटाची करत. बाहेरून साधा दिसणारा माणूस चालताना आतली लाल फुलं क्षणभर दाखवी.

आणि अर्थ? जपानी नक्षीत अर्थाशिवाय काही काढत नाहीत, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्यावर आसानोहा, म्हणजे तागाच्या पानाची चांदणी, कारण ताग सरळ आणि भराभर वाढतो. माशाच्या खवल्यांसारख्या लाटा, सेइगाइहा, म्हणजे शांत समुद्र. हे नाव एका जुन्या दरबारी नृत्याचं आहे. बाणाच्या पिसांची नक्षी मुलीला लग्नात देत, कारण सुटलेला बाण परतत नाही. त्रिकोणांची रांग, म्हणजे सापाचे खवले, अंगाचं रक्षण करते. टोपलीच्या विणीतली षट्कोनी चांदणी भूतबाधा अडवते. ठिपक्यांच्या रांगोळीवर वाढलेल्या मराठी बाईला यातल्या निम्म्या आकृत्या पाहताक्षणी ओळखीच्या वाटतील, आणि उंबऱ्यावर त्या का काढायच्या हेही तिला सांगावं लागणार नाही.

या यादीत हिंदुस्थानातून फार पूर्वी गेलेल्या खुणाही आहेत. एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांच्या नक्षीला जपानी ‘शिप्पो’ म्हणतात, सप्तरत्नं. ही कल्पना बौद्ध ग्रंथांतून आलेली आहे. तीच वर्तुळं कालीबंगनच्या फरशीवर आणि हडप्पाकालीन मडक्यांवर आहेत. तिथून ती सरळ जपानला गेली असा माझा दावा नाही. कंपास फिरवणाऱ्या कुठल्याही हाताला ती सापडू शकतात. स्वस्तिकाचं मात्र तसं नाही. ते बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलं हे स्पष्ट आहे. ७५२ साली नारा येथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूने केला, इतकं हे नातं जुनं. आता सुरतेत बघा. वीरजी व्होरा जैन होता. जैन पूजेत तांदळाचं स्वस्तिक काढतात आणि त्याच्या चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच आणि नरक या चार गती, ज्यांतून सुटायचं आहे. जपानी रेशमावर तीच स्वस्तिकं तिरकी करून एकमेकांना जोडलेली असतात, त्या नक्षीला सायागाता म्हणतात आणि तिचा अर्थ होतो न संपणारं भाग्य. एका ठिकाणी सुटका, दुसऱ्या ठिकाणी अखंडता. अर्थ इतका उलटा होऊनही चिन्हाचं पावित्र्य दोन्हीकडे जसंच्या तसं राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

छिटावरच्या वेलीचंही असंच झालं. आपल्या रंगाऱ्याने वेल काढली ती थान भरायला, फुलाला फूल जोडायला. जपानात नागमोडी वेल आधीपासून होती. तिला ते काराकुसा म्हणत आणि तुटत न जाणारी वेल म्हणजे दीर्घायुष्य आणि पुढे चालणारं घराणं असं मानत. हिंदी छिटाच्या वेलीत त्यांनी तेच वाचलं. आपण वंशाचा वेल म्हणतो, तेव्हा या वाचनात परकं काही वाटत नाही. पुढे मागणी ओळखून जपानी पंख्यांच्या आणि घराण्यांच्या गोल चिन्हांच्या नक्षीची छिटं हिंदुस्थानात छापली जाऊ लागली. ज्याने कधी असा पंखा हातात धरला नाही, त्या कारागिराने तो नमुन्यावरून कोरला. पंख्याच्या पसरत जाणाऱ्या आकाराला जपानात भरभराटीचं लक्षण मानतात, हे त्याला कळण्याचं कारणच नव्हतं.

अठराव्या शतकात जपानी रंगाऱ्यांनी स्वतः सारासा करायला घेतलं. नागासाकी, साकाई, क्योतो, आणि नाबेशिमा सरदारांच्या आश्रयाने सागा, अशी केंद्रं उभी राहिली. आलीचं मूळ आणि तुरटीचं ते गणित त्यांना साधलं नाही. त्यांनी खनिज रंग सोयाबीनच्या दुधात कालवून कापडावर बसवले, आणि लाकडी ठशांच्या जोडीला कागदी साचे वापरले. असला रंग धुतल्यावर खुलत नाही. पण कागदी साच्यातून निघालेली रेघ इतकी तलम असते, की आपल्या ठशाला ती जमणार नाही. नक्षी तीच, पण हात बदलल्यावर तिचा स्वभाव बदलला. १७७८ साली ‘सारासा बेनरान’ आणि १७८५ साली ‘सारासा झुफू’ ही पुस्तकं छापली गेली. त्यांत हिंदी छिटांच्या नक्षींची चित्रं आहेत आणि रंगाच्या कृतीही. त्याच काळात आपल्याकडे रंगाऱ्याची कृती सहसा पुस्तकात गेली नाही. ती बापाकडून मुलाकडे तोंडी गेली, आणि जिथे मुलगा गिरणीत गेला तिथे संपली.

जपानातल्या हिंदी छिटांचा मोठा ठेवा हिकोनेच्या ‘ई’ या सरदार घराण्याचा. याच घराण्याच्या ई नाओसुके याने १८५८ साली अमेरिकेशी तह करून जपानची बंदरं उघडली आणि १८६० साली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर त्याचा खून झाला. तो चहाविधीचा मोठा अभ्यासकही होता. या घराण्याने जमवलेले छिटांचे सुमारे ४५० तुकडे आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘हिकोने सारासा’ म्हणून आहेत. क्योतोच्या गिओन उत्सवात जे रथ निघतात, त्यांतल्या मिनामी कान्नोन यामा या रथाच्या मंडळाकडे १६८४ची नोंद असलेलं हिंदी छीट आहे. दुसऱ्या काही रथांवर दख्खनी गालिचे लटकवलेले असतात. दख्खनच्या मागावरचा गालिचा क्योतोच्या रस्त्यावरून मिरवत जातो, आणि आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याचा उल्लेख नाही, ही गोष्ट मला खुपते.

कारण आपल्याकडे त्या काळचं रोजचं छापील कापड जवळजवळ उरलेलं नाही. दमट हवा, वाळवी आणि आपली वापरण्याची रीत यांनी ते संपवलं. गुजरातची जुनी छिटं टिकली ती इजिप्तच्या फुस्तात गावाच्या कोरड्या उकिरड्यात, सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांच्या घरात, जिथे ती विधीची पवित्र वस्त्रं झाली, आणि जपानी लाकडी पेट्यांत. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयाने १९४९ पासून मोठं काम केलं आहे, पण सतराव्या शतकातल्या साध्या ठशाच्या कापडाचा अभ्यास करायचा तर आजही परदेशी संग्रहांकडे जावं लागतं. सुरतेच्या वस्त्र-महाविद्यालयांनी आणि आपल्या कलाशाळांनी हिकोनेच्या तुकड्यांचे नमुने मागवून ते पुन्हा आलीत रंगवून पाहावेत, असं मला मनापासून वाटतं. भावसारांची जाणती घरं अजून आहेत.

सुरतेचं वैभव पुढे ओसरलं. मुघल सत्ता ढासळली, तापीच्या मुखाशी गाळ साचला, व्यापारी मुंबईला गेले. १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. १७९९ मध्ये डच कंपनीच बुडाली आणि १८२४च्या तहानंतर डचांनी सुरत सोडली. जपानचं तांबंही तोवर आटत आलं होतं.

समुद्राची ती वाट पुन्हा उघडली ती १८९३ साली, सुरतेजवळच्या नवसारीत जन्मलेल्या जमशेटजी टाटांमुळे. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजभाड्याला ते कंटाळले होते. त्यांनी निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी करार केला आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईकडे निघाली. जपानी कंपनीची ही पहिली नियमित सागरी दूरफेरी. परतीला जो माल जाणार होता तो मात्र बदललेला होता. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी छापून, उकळून, धुऊन तयार झालेलं कापड जात होतं. आता ओसाकाच्या गिरण्यांसाठी कच्च्या कापसाच्या गासड्या जाऊ लागल्या. चाळीस वर्षांत त्याच गिरण्यांचं स्वस्त कापड हिंदुस्थानच्या बाजारात इतकं आलं, की १९३३ साली सरकारने बिगर-ब्रिटिश सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली, आणि उत्तरादाखल जपानी गिरणीमालकांनी हिंदी कापूस घेणं बंद केलं. १९३४ मध्ये दोघांचा समझोता झाला. किती कापूस गेला तर किती वार कापड येणार, हे त्यात लिहून ठरवलेलं होतं.